ऑडिओ बफर

ऑडिओ बफर म्हणजे संगणकाच्या मेमरीतील एक छोटा राखीव भाग होय. ध्वनीचे नमुने प्रक्रियेपूर्वी व प्रक्रियेनंतर या भागात क्षणभर साठवले जातात. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आकार वापरकर्त्याला ठरवता येतो. आकार लहान ठेवल्यास कलाकाराला स्वतःचा आवाज जवळजवळ लगेच ऐकू येतो, परंतु ध्वनी तुटण्याची शक्यता वाढते; मोठा ठेवल्यास उलट घडते. रॅम वाढवल्याने आवाजातील खरखर थांबते, हा समज सर्रास आढळतो. तो बहुतांशी चुकीचा आहे.

कार्यपद्धती

मायक्रोफोनकडून येणारा विद्युत संकेत ऑडिओ इंटरफेस अंकीय नमुन्यांत बदलतो. सीडीच्या मानकानुसार दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुन्यासाठी प्रोसेसरचे काम थांबवणे परवडणारे नसल्याने नमुने गटागटाने सोपवले जातात. गट २५६ नमुन्यांचा असेल, तर तो भरण्यास सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्याच अवधीत आधीच्या गटावरील सर्व प्रक्रिया पूर्ण व्हावी लागते. संगणक एरवी कितीही वेगवान असो, ही मुदत एकदा जरी चुकली तरी ध्वनीत खंड पडतो.

हा खंड कोठे पडला याला महत्त्व आहे. केवळ ऐकण्याच्या बाजूला पडला असेल, तर क्षणभर खट् असा आवाज येतो; मुद्रित फाइल शाबूत राहते. मात्र आत येणारे नमुने वेळेवर उचलले गेले नाहीत, तर ते कायमचे हरवतात. असे गायन पुन्हा मुद्रित करण्यावाचून गत्यंतर नसते.

विलंब

ध्वनी आत येताना आणि बाहेर जाताना अशा दोन्ही वेळी बफर लागतो. त्यात अंकीय रूपांतराचा थोडा वेळ मिळवावा लागतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर कापतो, म्हणून १० मिलिसेकंदांचा विलंब हा साधारण साडेतीन मीटरवरील स्पीकर ऐकण्यासारखा असतो. तो बहुतेकांना खपतो. १,०२४ नमुन्यांच्या बफरने मात्र दोन्ही बाजूंचा मिळून ४६ मिलिसेकंदांहून अधिक विलंब होतो. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत, मात्रेला चार बोल वाजवणाऱ्या तबलावादकाच्या दोन बोलांत ६२.५ मिलिसेकंदांचेच अंतर असते. हेडफोनमधून असा उशिरा येणारा ठेका ऐकत लय सांभाळणे जवळपास अशक्य होते.

यामुळे मुद्रण करताना ६४ ते २५६ नमुन्यांचा बफर आणि नंतर मिश्रण करताना १,०२४ किंवा त्याहून मोठा बफर ठेवण्याची पद्धत आहे. अनेक इंटरफेसमध्ये कलाकाराचा आवाज संगणकाला वळसा घालून थेट हेडफोनकडे नेण्याची सोय असते. एकट्या गायकाच्या मुद्रणासाठी ती सर्वांत सोपी होय.

रॅमची भूमिका

रॅमचा खरा उपयोग नमुना-आधारित वाद्यांसाठी होतो. ४८,००० नमुने व २४ बिट या दराने स्टिरिओ ध्वनीच्या दहा सेकंदांना सुमारे २.९ मेगाबाइट लागतात. पियानोच्या ८८ पट्ट्या प्रत्येकी पाच वेगवेगळ्या जोरांनी मुद्रित केल्या, तर हा आकडा सव्वा गिगाबाइटच्या पुढे जातो. यावर उपाय म्हणून प्रत्येक स्वराचा केवळ आरंभ रॅममध्ये ठेवून उरलेला भाग वाजवतानाच डिस्कवरून वाचला जातो. आरंभीचा हा भाग किती ठेवायचा, हे अशा वाद्यांच्या मांडणीत ठरवता येते. एसएसडी असल्यास तो कमी करून बरीच रॅम मोकळी करता येते. ३२-बिट सॉफ्टवेअरला मात्र ४ गिगाबाइटपलीकडची मेमरी संबोधता येत नाही आणि विंडोजमध्ये ही मर्यादा सामान्यतः २ गिगाबाइटच असते. तेथे जास्तीची रॅम अशा सॉफ्टवेअरच्या कामी येत नाही.

रॅम अपुरी पडल्यास कार्यप्रणाली मेमरीतील काही भाग डिस्कवर हलवते. तो परत आणण्यास लागणारा वेळ बफरच्या मुदतीपेक्षा सहज अधिक भरतो आणि रॅमची कमतरता खरखरीच्या रूपाने ऐकू येते ती याच प्रसंगी. लिनक्सवर जॅक हा ध्वनी-सर्व्हर वापरताना हे टाळण्यासाठी वापरकर्त्याला सहसा 'ऑडिओ' गटात घेतले जाते आणि त्या गटाच्या 'मेमलॉक' व 'आरटीप्रायो' या मर्यादा वाढवल्या जातात. पहिल्या मर्यादेमुळे सॉफ्टवेअरला आपली मेमरी रॅममध्येच अडकवून ठेवता येते, तर दुसरीमुळे त्याच्या कामाला इतर कामांपेक्षा अग्रक्रम मिळतो.