बोलोन्याची विधिशाळा

युरोपातील विद्यापीठीय विधिशिक्षणाचा उगम उत्तर इटलीतील बोलोन्या नगरीत आहे. तेथील विद्यापीठाचे स्थापनावर्ष १०८८ मानतात. त्याला कोणत्याही सनदेचा आधार नाही. कवी जोझुए कार्दुच्ची यांच्या समितीने एकोणिसाव्या शतकात ते ठरवले आणि १८८८ मध्ये आठशेवा वर्धापन सोहळा थाटात पार पडला. मुळात ही शाळा कोणी स्थापन केलीच नाही. ती एका ग्रंथाभोवती जमत गेली.

तो ग्रंथ म्हणजे सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये जारी केलेला ‘डायजेस्ट’, रोमन विधिज्ञांच्या मतांचा ५० भागांचा संग्रह. पश्चिम युरोपात तो कित्येक शतके जवळजवळ विस्मृतीत होता. बाराव्या शतकाच्या आरंभी इर्नेरियस नावाच्या आचार्याने बोलोन्यात त्याचे अध्यापन केले. मूळ वचनाच्या ओळींमध्ये आणि समासात तो अर्थ व संदर्भ टिपून ठेवी. त्याच्या परंपरेतील पंडित टीकाकार म्हणूनच ओळखले जातात. साधारण याच काळात कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वर याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका रचत होता. पुढे ११४० च्या सुमारास ग्रेशियनने चर्चच्या नियमांचे संकलन केले आणि रोमन विधीच्या जोडीला धर्मपीठीय विधी ही दुसरी शाखा उभी राहिली.

अध्यापनाचा क्रम ठरलेला असे. प्रथम प्रकरणाचा सारांश, मग मूळ वचनाचे वाचन, त्यानंतर परस्परविरोधी भासणाऱ्या वचनांचा समन्वय. याशिवाय वादसभा भरत. त्यांत एखादा विवाद मांडला जाई, दोन्ही पक्षांकडून युक्तिवाद होत आणि शेवटी आचार्य निर्णय देत. संशोधन असे वेगळे काही नव्हतेच. वर्गातील टिपणांतूनच ग्रंथ सिद्ध होत. तेराव्या शतकात अक्कुर्सियसने पूर्वसूरींच्या टीकांतून निवड करून ९० हजारांहून अधिक टिपांची प्रमाणटीका सिद्ध केली. हस्तलिखितांत मूळ वचन पानाच्या मध्यभागी आणि चारही बाजूंना ही टीका, अशी मांडणी रूढ झाली. न्यायालयांत तिला इतका मान मिळाला की, जे वचन टीकेने विचारात घेतले नाही ते न्यायाधीशही सहसा विचारात घेत नसत. ‘मिताक्षरे’लाही आपल्याकडील वारसाहक्काच्या दाव्यांत असेच प्रामाण्य लाभले.

सर्वांत नवलाची होती ती व्यवस्थापनाची रीत. परप्रांतीय विद्यार्थ्यांना नगराचे नागरिकत्व नसे. एकाच्या कर्जापोटी त्याच्या देशबांधवाला वेठीस धरण्याचे प्रकार घडत. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११५५ च्या सुमारास यापासून विद्वज्जनांना संरक्षण दिले. विद्यार्थ्यांनी प्रदेशवार संघ बांधून आपल्यातूनच कुलप्रमुख निवडले. या संघांच्या नियमांनुसार उशिरा येणाऱ्या, घंटेनंतरही शिकवत राहणाऱ्या किंवा अवघड वचन टाळून पुढे जाणाऱ्या आचार्याला दंड होई. श्रोते पाचांहून कमी असले, तरी तो गैरहजर मानला जाई! आचार्यांना हे सोसावे लागले, कारण विद्यार्थ्यांचे शुल्क हाच बराच काळ त्यांच्या निर्वाहाचा मुख्य आधार होता. नगरसत्तेशी बिनसले की विद्यार्थी स्थलांतर करीत. १२२२ मध्ये अशाच एका गटाने बोलोन्या सोडली आणि पादुआचे विद्यापीठ उदयास आले.