चाकांवरच्या घराचे पडदे

रात्रीचे साडेअकरा. टेक्सासमधलं हायवेलगतचं एक आरव्ही पार्क. ताई-जिजूंनी हौसेनं घेतलेल्या जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये आम्ही पाच जण झोपायच्या तयारीत. मावशी गाऊन घालून केसांना तेल लावत बसलेली. एवढ्यात शेजारच्या जागेत एक भलीमोठी गाडी वळली आणि तिचे हेडलाइट्स थेट आमच्या बेडवर! मावशीनं झटकन चादर ओढून घेतली आणि ओरडली, "अगं, पडदे कुठायत तुमचे?"

पडदे नव्हतेच. तीन महिने खपून दोघांनी नवं फ्लोअरिंग टाकलं, भिंतींना पांढराशुभ्र रंग दिला, गाद्यांना नवे कव्हर शिवले. फोटो तर असले भारी आले होते! पण पडद्यांचं म्हणजे 'शेवटी बघू' असं चाललेलं. त्या रात्री आम्ही टॉवेल, ओढण्या आणि जिजूंचा एक लेंगा चिकटपट्टीनं खिडक्यांना लावून झोपलो. सकाळी साडेसहाला ऊन डोळ्यांवर आलं, तेव्हा चिकटपट्टी कधीच सुटली होती.

घर तेच, शेजार रोज नवा

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेलं, पिकअप ट्रकमागे जोडून न्यायचं घर. अमेरिकेत या धंद्याची राजधानी म्हणजे इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. नवा ट्रेलर महाग, म्हणून ताईसारखे बरेच जण जुना घेऊन स्वतःच नटवतात. ताईचा ट्रेलर १९९४ चा, चोवीस फुटी. खिडक्या आठ!

फ्लॅटमध्ये पडदा एकदा लावला की संपलं. समोर कोण राहतं, ऊन कुठून येतं, सगळं ठरलेलं असतं. इथे मात्र आज खिडकीबाहेर डोंगर, तर उद्या पार्किंग लॉटचा दिवा. आज चाळीस डिग्री, तर उद्या कुडकुडायची वेळ. त्यामुळे 'आठही खिडक्यांना एकच मस्त सेट' हा फंडा इथे चालत नाही. ऑफिसात जसं प्रत्येकाचं जॉब प्रोफाइल वेगळं, तसंच इथे प्रत्येक खिडकीचं.

आधी जुनं काढा

ट्रेलरबरोबर पट्ट्यापट्ट्यांच्या जुन्या प्लास्टिकच्या ब्लाइंड्स आल्या होत्या. रंगकामासाठी त्या उतरवून ठेवलेल्या. "धुवून परत लावू, पैसे वाचतील," असं जिजू म्हणत होते. पण गोष्ट पैशांची नव्हती. १९९६ मध्ये अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशननं इशारा दिला होता, की बाहेरून आयात झालेल्या काही व्हायनिल मिनी-ब्लाइंड्समध्ये शिसं आहे. ऊन आणि उष्णतेनं प्लास्टिक जीर्ण होतं आणि शिशाची धूळ पट्ट्यांवर जमते. लहान मूल त्यावर हात फिरवतं, तोच हात तोंडात घालतं. घरात सहा वर्षांपर्यंतची मुलं असतील तर अशा ब्लाइंड्स काढून टाका, असा सल्ला तेव्हा दिला गेला.

आपली छकुली तीन वर्षांची. आपल्या ब्लाइंड्स त्यातल्याच होत्या का, कुणास ठाऊक. पण धुवून उपयोग नाही, कारण प्लास्टिकचं झिजणं थांबत नाही. ताईनं त्याच दिवशी सगळ्या पिशवीत बांधून बाहेर काढल्या. लोंबत्या दोऱ्यांनाही तेव्हाच रामराम. दोरीचा फास मुलाच्या गळ्याला लागायला क्षण पुरतो. ट्रेलरमध्ये तर बेड अगदी खिडकीला चिकटून. म्हणून नवं जे काही येईल ते बिनदोरीचं, हा पहिला नियम ठरला.

कुठे काय?

बेडजवळची खिडकी सगळ्यात महत्त्वाची. इथे पूर्ण अंधार हवा, म्हणून ब्लॅकआउट कापड. पण या खिडकीला लाल हँडल्स होती! लाल हँडल म्हणजे आणीबाणीत बाहेर पडायची वाट. दाराच्या बाजूला आग लागली तर हीच खिडकी ढकलून सुटायचं. त्यामुळे इथे काहीही कायमचं ठोकायचं नाही. अंधारात, झोपेत, एका हातानं ओढल्यावर निघालंच पाहिजे. ताईनं इथला पडदा वेल्क्रोवर बसवला आणि छकुलीला 'ओढ बघू!' म्हणून खेळच शिकवला.

शेगडीजवळच्या खिडकीला कापड नकोच. गॅसची ज्योत आणि चालत्या वाऱ्यात उडणारा पडदा, ही जोडी धोक्याची. शिवाय फोडणीचा वास कापडात बसतो तो वेगळाच. इथे पुसता येईल अशी अॅल्युमिनियमची छोटी ब्लाइंड लावली. ती प्रवासात खडखडते, म्हणून खालची पट्टी अडकवायला दोन क्लिप्स.

जेवायच्या टेबलाशी उजेड हवा, पण बाहेरच्यानं आपलं ताट मोजायला नको. इथे उजेड गाळून देणारी रोलर शेड. बरेच जण ट्रेलरमधली नेहमीची डे-नाइट शेड पसंत करतात. तिच्यात एक पातळ आणि एक जाड असे दोन प्लीटेड भाग असतात. दिसते छान, पण ती ताणलेल्या बारीक दोऱ्यांवर सरकते आणि त्या झिजून तुटतात. दुरुस्तीची तयारी असेल तरच घ्या.

दाराच्या खिडकीला चारही कोपऱ्यांत टिचबटणं लावलेला कापडाचा तुकडा पुरला. आणि एअरस्ट्रीमसारखा गोलाईचा ट्रेलर असेल, तर पडद्याला वर आणि खाली दोन्हीकडे ट्रॅक हवा. नाहीतर भिंत आत झुकते आणि पडदा मात्र सरळ लोंबत राहतो.

स्क्रू जरा जपून

जिजू ड्रिल घेऊन सज्ज झाले, पण ट्रेलरची भिंत म्हणजे आपली विटांची भिंत नव्हे. जेमतेम दीड-दोन इंच जाड. लांब स्क्रू लावला की तो थेट बाहेरच्या पत्र्यातून डोकावतो आणि पावसाळ्यात तिथूनच गळती. म्हणून आखूड स्क्रू, आणि तेही आतली लाकडी पट्टी शोधून तिच्यातच. खिडकीच्या चौकटीला आत खोलीही नसते, त्यामुळे फिटिंग बहुधा चौकटीबाहेरच करावं लागतं. माप तीन ठिकाणी घ्या. जुन्या ट्रेलरचे कोपरे काटकोनात असतीलच असं नाही.

मावशीचं खण

आता खरी मजा. मावशीनं येताना बॅगेतून खणाचं कापड आणलं होतं. डाळिंबी रंग, काठ हिरवा. "पडदे म्हणजे नुसता अंधार नाही गं, घर दिसलं पाहिजे," तिचं म्हणणं. ताईला मात्र टेन्शन. टेक्सासच्या उन्हात खण एका सीझनमध्ये विटणार. खण नाही म्हणावं तर आई नाराज, हो म्हणावं तर कापड वाया.

तोडगा मावशीनंच काढला. खिडकीच्या बाजूला पांढरं ब्लॅकआउट अस्तर, आतल्या बाजूला खण. ऊन अस्तरानं झेलायचं, रंग आपण बघायचा. पन्हा अरुंद म्हणून दोन पट्टे जोडले, आणि जोड काठाखाली लपवला.

पुढच्या महिन्यात आम्ही कोलोरॅडोला गेलो. डोंगरातली थंडी, आणि आत पाच माणसांचा श्वास, वर चहाची वाफ. सकाळी एकेरी काचांवरून पाणी ओघळत होतं आणि पडद्याची खालची कड ओली! तेव्हा कळलं, की पडदा काचेला टेकू द्यायचा नाही, छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि सकाळी काचा पुसायच्या. नाहीतर महिनाभरात बुरशी. कड्या थंडीसाठी आणि कडक उन्हासाठी चंदेरी बबल शीट खिडकीच्या मापात कापून ठेवली. लागेल तेव्हा काचेवर दाबायची, नको तेव्हा गादीखाली.

आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या तुम्ही कोकणात असली गाडी भाड्यानं घेतलीत किंवा जुनी टेम्पो ट्रॅव्हलर सजवायला काढलीत, तर रंग आणि कुशन नंतर. आधी एक रात्र आत झोपून बघा. प्रत्येक खिडकी काय मागते ते ती स्वतःच सांगते.

परतताना आम्ही मुद्दाम त्याच आरव्ही पार्कमध्ये थांबलो. रात्री पुन्हा कुणाचे तरी हेडलाइट्स फिरले. आत काळोख तसाच. मावशी घोरत होती. सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी तिनंच पडदा सरकवला आणि शेजारच्या आजींना हात हलवला.