यथावश्यक औषधादेश, शुश्रूषागृहांतील

यथावश्यक औषधादेश, शुश्रूषागृहांतील : ठराविक वेळी न देता गरज भासेल तेव्हाच द्यावयाच्या औषधासाठी वैद्याने लिहून ठेवलेला आदेश. त्यासाठी ‘प्रो रे नाटा’ ही लॅटिन संज्ञा असून ‘पीआरएन’ हे तिचे संक्षिप्त रूप औषधपत्रकावर लिहितात. येथे शुश्रूषागृह म्हणजे महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ म्हणतात ते लहान खाजगी रुग्णालय नव्हे. परावलंबी वृद्ध जेथे दीर्घकाळ राहतात, असे अमेरिकेतील निवासी केंद्र अभिप्रेत आहे.

वेदनाशामक औषध रुग्ण बहुधा स्वतः मागतो. मनावर परिणाम करणाऱ्या औषधांबाबत मात्र गरज कोणाची, हाच प्रश्न असतो. बुद्धिभ्रंश झालेला वृद्ध औषध मागत नाही. तो ओरडतो, येरझाऱ्या घालतो, आंघोळीला विरोध करतो आणि गरज ठरवावी लागते ती परिचारिकेला. अशा अस्वस्थतेमागे पुष्कळदा वेदना, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी किंवा जंतुसंसर्ग असतो. लोराझेपाम अथवा हॅलोपेरिडॉल दिल्याने रुग्ण शांत होतो, मूळ कारण तसेच राहते. शिवाय गुंगीमुळे पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. ‘अस्वस्थ झाल्यास द्यावे’ हा मोघम आदेश म्हणूनच सदोष होय. नेमके लक्षण, मात्रा, दोन मात्रांतील अंतर, २४ तासांतील कमाल मात्रा आणि त्यापूर्वी करून पाहावयाचे औषधेतर उपाय आदेशात नमूद असावेत; औषध दिल्यावर परिणामाचीही नोंद व्हावी.

अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शिस्तीसाठी वा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी औषधाने रुग्णास जखडून ठेवणे निषिद्ध ठरविले. चित्तविकृतिरोधी औषधांमुळे बुद्धिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा तेथील औषध प्रशासनाने नव्या औषधांबाबत २००५ मध्ये व जुन्यांबाबत २००८ मध्ये दिला. नोव्हेंबर २०१७ पासून अशा यथावश्यक आदेशांना १४ दिवसांची मर्यादा आली. चिंताशामक, निद्राकारक व अवसादरोधी औषधांसाठी वैद्य कारण व मुदत लिहून ती वाढवू शकतो. चित्तविकृतिरोधी औषधाचा आदेश मात्र रुग्णाला समक्ष तपासल्याखेरीज पुन्हा देता येत नाही. मरणासन्न रुग्णांनाही यातून सरसकट सूट नाही, ही गोष्ट काहीशी जाचक आहे.

मुदत चुकविण्यासाठी तेच औषध रोजचे करून टाकणे हा नियमाचा विपर्यास होय. त्यामुळे क्वचित लागणारे औषध रुग्णाच्या पोटात नित्य जाऊ लागते. औषधतज्ञाने प्रत्येक रहिवाशाच्या औषधपत्रकाची दरमहा तपासणी करावयाची असते. तीत असा बदल सहसा लक्षात येतो.