संगणकाची परतीची वाट

श्रोतेहो, शाळेच्या संगणकावर विंडोज १० च्या जागी ११ बसवली आणि प्रिंटर चालेनासा झाला, तर काय करावे? घाबरू नका. जुनी प्रणाली लगेच पुसली जात नाही, 'विंडोज.ओल्ड' नावाच्या कप्प्यात ती जपून ठेवलेली असते. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टीम', मग 'रिकव्हरी', आणि तिथे 'गो बॅक'. मात्र मुदत फक्त १० दिवसांची, बरे का! त्यानंतर सारे नव्याने बसवावे लागते. परतताना आपल्या फाइली राहतात. मधल्या दिवसांत घातलेले प्रोग्राम मात्र जातात. तरी मुलांच्या गुणपत्रकांची नक्कल आधी पेनड्राइव्हवर घ्याच. आणखी एक : विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे जुन्या घरी परतता येते. पण त्या घराची डागडुजी आता थांबली आहे. तेव्हा तिथला मुक्काम थोडाच बरा.