मानेवरच्या काळेपणाला प्रकाशाचा उतारा

चेहऱ्याला सनस्क्रीन लावणारा हात बहुतेक वेळा हनुवटीशी थांबतो आणि मान तशीच उन्हात राहते. गोऱ्या वर्णाच्या लोकांमध्ये, विशेषतः युरोप आणि ऑस्ट्रेलियात, या दुर्लक्षाची खूण चाळिशी-पन्नाशीत ठळक दिसू लागते. मानेच्या दोन्ही बाजूंना आणि गळ्याखालच्या त्रिकोणात लालसर-तपकिरी जाळी उमटते. बारकाईने पाहिलं तर त्या जाळीत तीन वेगळ्या गोष्टी असतात : रंगद्रव्याचे तपकिरी डाग, फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या लाल रेघा आणि झिजून पातळ झालेली कातडी. काच दाबून धरली की लाली विरते, तपकिरी रंग तसाच राहतो. हनुवटीच्या सावलीत असलेला भाग मात्र कोरा असतो, आणि उन्हाविरुद्धचा तोच सर्वांत बोलका पुरावा. फ्रेंच त्वचातज्ज्ञ अशील सिव्हात यांनी १९२३ साली या विकाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला ‘पॉइकिलोडर्मा ऑफ सिव्हात’ म्हणतात. त्यापासून जिवाला धोका नाही, पण क्रीमने तो फारसा हटत नाही. प्रकाशोपचारांनी इथे खरोखर चांगलं काम केलं. तीच यंत्रं आता आपल्या शहरांतल्या क्लिनिकमध्ये ‘मान उजळवण्या’साठी वापरली जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की हा उपचार खोटा नाही, पण आपल्याकडच्या काळ्या पडलेल्या मानेचं दुखणं बहुधा ते नसतंच. निदान झाल्याशिवाय त्या यंत्राखाली मान देणं म्हणजे पैशाबरोबर कातडीही पणाला लावणं.

या प्रकाशोपचारामागचं तत्त्व १९८३ साली बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलं. प्रत्येक रंगद्रव्य ठरावीक लांबीच्या प्रकाशलहरी जास्त शोषतं. रक्तातलं हिमोग्लोबिन ५७७ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश उत्तम शोषतं. कातडीतलं मेलॅनिन सगळाच दृश्य प्रकाश शोषतं, पण लहर जितकी लांब तितकं कमी. योग्य लहर निवडली आणि तिचा झोत अगदी क्षणभरच सोडला, तर उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत नेमकं लक्ष्य तापतं आणि शेजारची कातडी वाचते. एक दशांश मिलिमीटर जाडीची रक्तवाहिनी साधारण पाच हजारांश सेकंदात थंड होऊ लागते, मेलॅनिनचा कण त्याहून कितीतरी पटींनी लवकर. म्हणून झोत किती वेळ टिकवायचा, हे लहरीच्या लांबीइतकंच महत्त्वाचं ठरतं. लेझर एकाच लहरीवर चालतो. ‘इंटेन्स पल्स्ड लाइट’ किंवा आयपीएल हा मात्र लेझर नव्हे. त्यात झेनॉनच्या दिव्यातून साधारण ५०० ते १,२०० नॅनोमीटरचा मिश्र प्रकाश निघतो आणि फिल्टर लावून त्यातल्या आखूड लहरी अडवल्या जातात. सिव्हातच्या विकारात तांबडा आणि तपकिरी असे दोन्ही रंग घालवायचे असल्याने हा मिश्र प्रकाश तिथे सोयीचा ठरला.

उपचाराच्या वेळी मानेवर थंड जेल लावतात, डोळ्यांवर काळा चष्मा चढवतात, यंत्राची आयताकृती काच कातडीला टेकवतात आणि झोत सोडतात. चटका बसतो, लाली येते. दोन-तीन दिवसांत तपकिरी डाग आणखी गडद होतात आणि पुढच्या आठवड्याभरात त्यांची खपली झडते. अशा काही सिटिंग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने घेतल्या जातात. २००० साली अमेरिकेत सिव्हातच्या विकाराच्या १३५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यात रक्तवाहिन्या आणि डाग ७५ टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचं आणि दुष्परिणाम सुमारे ५ टक्के रुग्णांत दिसल्याचं नोंदवलं आहे. हे आकडे मोलाचे आहेत, पण ते त्या विकाराचे आहेत, आणि तो मुळात गोऱ्या कातडीचा विकार आहे. शिवाय त्यातही मान ही अवघड जागा. इथली कातडी पातळ आणि तेलग्रंथी, केसांची मुळं चेहऱ्यापेक्षा विरळ. भाजलेली कातडी याच मुळांपासून नव्याने वाढते, त्यामुळे मानेची जखम उशिरा भरते आणि व्रण सहज राहतो. काच नीट ओव्हरलॅप केली नाही, तर उपचार झालेल्या आणि न झालेल्या भागांचे चौकोनी पट्टे दिसतात. रक्तवाहिन्यांसाठीचा पल्स्ड डाय लेझर वापरल्यावर मानेचा रंगच उडाल्याचे आठ रुग्ण नेदरलँड्समधल्या त्वचातज्ज्ञांनी २००६ साली नोंदवले. म्हणजे गोऱ्या मानेवरही हा उपचार सरावलेल्या हातातच द्यावा लागतो.

आपली कातडी गव्हाळ, सावळी किंवा काळी. प्रकाशाला डागातलं मेलॅनिन आणि भोवतालच्या कातडीतलं मेलॅनिन यांत फरक करता येत नाही. गोऱ्या मानेवर डाग गडद आणि परिसर फिका असल्याने प्रकाशाची निवड आपोआप होते. सावळ्या मानेवर मात्र कातडीचा वरचा थरच लक्ष्याआधी प्रकाश शोषून तापतो. परिणाम सौम्य असला तरी दाहानंतर कातडी काळी पडते, आणि ती फिकी व्हायला कित्येक महिने लागतात. जास्त ऊर्जा पडली तर फोड येतो, नंतर पांढरा चट्टा उरतो. काळेपणासाठी घेतलेला उपचार काळेपणाच वाढवतो, तो असा.

त्याहून मोठा प्रश्न निदानाचा आहे. आपल्याकडे मान काळी पडण्याचं एक अगदी नेहमीचं कारण म्हणजे अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स. मानेच्या मागच्या बाजूला, काखेत, जांघेत कातडी जाड आणि मखमली होते, घड्या ठळक होतात, आसपास बारीक चामखिळीही उगवतात. लोक त्याला मळ समजतात आणि मुलांची मान दगडाने घासतात. खरं कारण बहुतेक वेळा शरीराची इन्शुलिनला दाद न देण्याची स्थिती हे असतं. वाढलेलं इन्शुलिन कातडीच्या पेशींना वाढायला भाग पाडतं. काळेपणा प्रामुख्याने त्या जाड झालेल्या थराचा असतो, मेलॅनिनचा हिस्सा थोडा. प्रकाशाला तिथे लक्ष्यच सापडत नाही. वजन उतरलं, साखर ताब्यात आली की ती मान हळूहळू निवळते. अशा माणसाला आयपीएलचं पॅकेज विकणं म्हणजे होऊ घातलेल्या मधुमेहाची आगाऊ सूचना पुसून टाकणं, आणि हे मला सर्वांत जास्त खटकतं. दुसरं कारण लायकेन प्लॅनस पिगमेंटोससचं. मान आणि चेहऱ्यावर करडे-तपकिरी पट्टे येतात, भारतीयांमध्ये ते बरेच आढळतात आणि रंग कातडीच्या खोल थरात जाऊन बसलेला असतो. तिसरं, केसांच्या डायची किंवा अत्तरातल्या घटकांची अ‍ॅलर्जी. खोटे दागिने वापरणाऱ्यांना त्यातल्या निकेलची बाधा होऊन नेमकी साखळीच्या रेषेत मान काळवंडते. या सगळ्यांत आधी कारण थांबवावं लागतं. आणि साधा उन्हाने आलेला काळेपणा, ज्याला आपण टॅनिंग म्हणतो, तो ऊन टाळलं की आपोआप कमी होत जातो.

यावर पहिला आक्षेप येतो की केस काढायचे लेझर आपल्याकडे रोज वापरले जातात, मग कातडी कशी टिकते? टिकते, कारण सावळ्या कातडीसाठी १,०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर निवडतात. ती लहर मेलॅनिन फारच कमी शोषतं, खोल जाते, आणि वरून कातडी थंड ठेवतात. लक्ष्य केसाच्या मुळातलं ठळक रंगद्रव्य असतं. अ‍ॅकॅन्थोसिसच्या जाड थरात असं ठळक लक्ष्य नाही, त्यामुळे तिथलं यश इथे लागू करता येत नाही. याच लहरीवर, अतिशय सूक्ष्म काळाच्या झोतांनी केलेल्या ‘लेझर टोनिंग’बद्दलही हेच. रंग काही काळ उतरतो, परततो, आणि सिटिंग वाढत गेल्या की बारीक पांढरे ठिपके राहण्याचा धोका असतो.

दुसरा आक्षेप मला अधिक रास्त वाटतो. सावळ्या लोकांना ‘तुमच्यासाठी नाही’ असं सांगणं हा अन्याय नाही का? अन्यायच होईल, जर बोलणं तिथेच संपलं तर. जपान-चीनमधल्या त्वचातज्ज्ञांनी आपल्याजवळच्या वर्णांवर आयपीएल काळजीपूर्वक वापरून उन्हाचे डाग कमी केले आहेत. त्यासाठी लांब लहरींचा फिल्टर, कमी ऊर्जा, जास्त लांबवलेला झोत आणि चांगलं थंडावणं लागतं. आधी मानेच्या छोट्या, झाकता येणाऱ्या जागी चाचणी करून चार-सहा आठवडे थांबावं लागतं, कारण काळेपणा उठतो तो उशिरा. रुग्ण नुकताच उन्हात भाजलेला नसावा. हे सगळं पॅकेजच्या घाईत बसत नाही, त्याला वेळ आणि त्वचारोगतज्ज्ञाचा हात लागतो. म्हणून सावळ्या माणसाने पार्लरच्या दरपत्रकापेक्षा तीन गोष्टी आधी विचाराव्यात : हे नक्की काय आहे, माझ्या वर्णाच्या किती माणसांवर हे केलं आहे आणि चाचणी कुठे करणार. पहिल्याच प्रश्नावर साखर, वजन, वापरत असलेला डाय आणि अत्तर यांची चौकशी होत नसेल, तर तिथून उठावं.

उपचार कोणताही ठरो, सनस्क्रीन मानेपर्यंत आणि मागेही लावायला हवं. आपल्या कातडीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. केवळ अतिनील किरणच नव्हे, दृश्य प्रकाशही सावळ्या कातडीचा रंग गडद करतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. लोह ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन त्यावर उपयोगी पडतं, फक्त ते पुरेशा जाडीने लावावं आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावं. लेझर झाल्यावर तर ते कित्येक आठवडे चुकवून चालत नाही, कारण उपचाराने तापलेली कातडी त्या काळात सर्वांत लवकर काळी पडते.