झाड पोकळ झाले, म्हणून तोडायचे का?

शाळेच्या आवारातल्या जुन्या गुलमोहराच्या खोडात ढोली दिसली, की पावसाळ्याच्या तोंडावर दोन मते ऐकू येतात. 'पोरांच्या अंगावर पडेल, तोडून टाका' हे एक, आणि 'इतकी वर्षे उभे आहे, त्याला काय होतंय' हे दुसरे. दोन्ही मते बहुधा झाड न तपासताच दिलेली असतात. तपासायचे म्हणजे नेमके काय पाहायचे, ते आपण समजून घेऊ.

खोडाचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणा. सालीच्या आत ऊतककराचा पातळ थर असतो. त्याच्यामुळे खोडाची जाडी वाढते. त्याच्या आत मुळांकडचे पाणी वर नेणारे रसकाष्ठ असते. सर्वांत आतल्या मध्यकाष्ठात मात्र जिवंत पेशी उरलेल्या नसतात. फांदी मोडलेल्या जागेतून कवक आत शिरले, की हा गाभा हळूहळू कुजतो. बाहेरचे थर शाबूत असल्याने पालवी आणि फुले नेहमीसारखीच येतात. म्हणून हिरवेगार झाड भक्कम असेलच असे नाही. तसेच पोकळ झाड कमकुवत असेलच असेही नाही.

वाऱ्याने खोड वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या थरांवर येतो, गाभ्यावर फारच थोडा. पोकळ बांबू बळकट असतो तो यामुळेच. गोल खोडाच्या मधोमध पोकळी असेल, तर बळकटीतील घट ही पोकळीचा व्यास भागिले खोडाचा व्यास या गुणोत्तराच्या चौथ्या घाताइतकी असते. समजा, खोडाचा व्यास ६० सेंमी आहे. पोकळी ३० सेंमी असेल, तर घट १/१६, म्हणजे सुमारे ६ टक्के. पोकळी ४२ सेंमी झाली, तर २४ टक्के. पण ५४ सेंमी झाली, की तब्बल ६६ टक्के! जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माथेक यांनी एक ठोकताळा दिला आहे. शिल्लक लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे ३० टक्क्यांहून कमी झाली, तर खोड मोडण्याचा धोका वाढतो. आपल्या उदाहरणात ही मर्यादा ९ सेंमी येते. ढोलीचे तोंड मोठे असेल किंवा पोकळी एका बाजूला असेल, तर मात्र हे गणित पुरत नाही. बळकटी आणखी घटते.

खोडापेक्षाही मुळांकडे अधिक लक्ष द्यायला हवे. बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातच पसरतात. कुंपणाच्या पायासाठी किंवा नळासाठी चर खणताना ती तुटतात. मग भिजून मऊ झालेल्या जमिनीत वादळी वारा आला, की झाड मुळांसकट उलथते. पुढील खुणा दिसल्या तर थांबू नये: झाड अलीकडेच कलू लागले आहे, कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचलली गेली आहे किंवा तिला भेगा पडल्या आहेत, बुंध्याशी कवकाची छत्रे उगवली आहेत, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात चीर गेली आहे. लहानपणापासून तिरपे वाढलेले झाड मात्र केवळ तिरपे म्हणून धोक्याचे नसते.

शेवटचा प्रश्न, झाड पडले तर कोणावर पडेल? माळावरचे पोकळ झाड घुबडांना आणि पोपटांना खुशाल राहू द्यावे. तेच झाड वर्गाच्या छपरावर झुकलेले असेल, तर तज्ज्ञाला बोलवावे, आणि तोवर मुलांना त्याखाली बसवू नये. पुष्कळदा एखादी जड फांदी उतरवली तरी भागते. झाड काढणे अटळच असेल, तर शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार आधी परवानगी घ्यावी लागते.

यंदा पावसाळ्यापूर्वी विद्यार्थ्यांना आवारातल्या प्रत्येक झाडाची अशी नोंदवही करायला सांगा. खोडाचा घेर, ढोल्या, मातीतल्या भेगा आणि कल यांची दरवर्षी नोंद झाली, तर कोणते झाड बदलते आहे ते आपल्याला वेळीच कळेल. मग निर्णय भीतीने किंवा मायेने नव्हे, पुराव्याने घेता येईल.