फारकत झाल्यावर फंडाचे पैसे कोणाचे?

नोकरदार माणसाला निवृत्त होताना बहुधा तीन तऱ्हेचा पैसा मिळतो. पहिला प्रॉव्हिडंट फंड. लोक त्याला नुसता फंड म्हणतात. दर महिन्याला पगारातून थोडी रक्कम कापली जाते, मालकही आपली भर घालतो, वर व्याज चढते. दुसरी ग्रॅच्युइटी. ती नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने एकदम मिळते. तिसरे पेन्शन. ते महिन्याच्या महिन्याला येते. आम्हा निवृत्त मास्तरांना त्याची वाट पाहणे चांगले ठाऊक आहे.

आता समजा, नवरा-बायकोची फारकत झाली. तर या पैशात बायकोचा वाटा किती?

पुष्कळ बायांना वाटते, निम्मा. कोणीतरी तसे छातीठोकपणे सांगितलेलेही असते. पण आपल्याकडे तसा कायदा नाही. फंडाचे खाते नवऱ्याच्या नावाचे, तर पैसा नवऱ्याचा. घटस्फोट झाला म्हणून तो आपोआप वाटला जात नाही. (गोव्यात रीत निराळी आहे. लग्नाच्या वेळी दुसरा करार केला नसेल, तर तिथे नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी धरतात.)

आम्हाला हे काही न्यायाचे वाटत नाही. एखादा एस.टी. ड्रायव्हर घ्या. पंचवीस वर्षे तो गाडी चालवतो. पहाटे चारला त्याचा डबा कोण भरून देते? रात्रीची गाडी करून तो दिवसा झोपला, की पोरांना गप्प कोण ठेवते? सासूचे आजारपण कोण काढते? असे असूनही खातेदार तो एकटाच.

मग तिने करावे काय? वाटा मागता येत नाही, पण पोटगी मागता येते. हिंदू विवाह कायदा 1955 सालचा आहे. तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागतो. त्यातल्या कलम 25 प्रमाणे कोर्ट कायमची पोटगी ठरवून देते, दरमहा किंवा एकरकमी. ती ठरवताना दोघांची मिळकत आणि मालमत्ता पाहतात. फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांचा विचार होतो तो इथे. (बायको नोकरीत आणि नवरा बेकार असेल, तर तोही पोटगी मागू शकतो. हे कलम दोघांना सारखेच आहे.) सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले की, पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे. नवरा फंडाचे नाव काढत नसेल तर आपण काढावे. वकिलाला सांगावे, “साहेब, यांचा फंड कापला जातो. त्याचा आकडा मागवा.” पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात लिहिलेली असते. ती चिठ्ठी जपून ठेवावी.

पुष्कळदा फारकत राजीखुशीने होते. तेव्हा अटींचा एक कागद तयार करतात. त्यात शेवटी बहुधा अशा अर्थाची ओळ असते, की यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क किंवा मागणी राहिली नाही. ओळ लहानशी दिसते. पण तिच्याखाली सही-अंगठा झाला, की पुढे नवरा निवृत्त होऊन मोठी रक्कम घेऊन आला तरी काही मागणे फार अवघड जाते. म्हणून तो कागद आपण स्वतः वाचावा. अक्षर अक्षर लावून वाचावा. वेळ लागला तर लागू द्या, कोर्ट काही पळून जात नाही! “रिटायर झालो की देईन” हे तोंडी बोलणे कामाचे नाही. किती रुपये, कोणत्या तारखेला, हे आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्यावे. पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावे लागते. हुकूम होईपर्यंत विचार बदलला, तर संमती मागे घेता येते.

कुटुंबपेन्शनची गोष्ट आणखी वेगळी. सरकारी नोकर वारला, की त्याच्या विधवेला दरमहा पेन्शन मिळते. पण घटस्फोट झालेली बाई विधवा धरली जात नाही. तिचा तो हक्क संपतो. नवऱ्यापासून नुसती वेगळी राहणारी बाई मात्र कायद्याने अजून त्याची पत्नीच असते. तेव्हा घटस्फोटाचा निर्णय करताना हेही मनात धरावे. आईबापांची फारकत झाली तरी मुलांचा हक्क जात नाही, मात्र त्यांना वयाची अट आहे.

ठरलेली पोटगी नवऱ्याने दिलीच नाही तर? पेन्शन सहसा कोणा सावकाराला जप्त करून घेता येत नाही. पण बायको म्हणजे सावकार नव्हे. पोटगीसाठी पेन्शन जप्त होऊ शकते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019 साली दिला आहे.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर थांबू नये. 1987 च्या कायद्याने प्रत्येक बाईला, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे अर्ज द्यावा. जाताना लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले आणि ती पगाराची चिठ्ठी बरोबर न्यावी.